सुई गेली, तबकडी मुकी

पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीतल्या एका घरात माडीवरची लाकडी पेटी उघडली, तेव्हा वर खसऱ्याचे पिवळे पडलेले कागद होते आणि खाली जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या साठ-सत्तर तबकड्या. बालगंधर्वांच्या लाखेच्या जड तबकड्या होत्या, गीतरामायणाच्या एलपी होत्या, भीमसेन जोशींचे अभंग होते, शिवाय हिंदी चित्रपटांचा एक गठ्ठा. एकीलाही तडा गेलेला नव्हता. शेजारच्या फडताळात सुटकेसच्या आकाराचा रेकॉर्ड प्लेअरही होता. तार जोडली, खटका दाबला, थाळी कुरकुरत फिरू लागली. आर्म तबकडीवर ठेवला आणि नुसती खरखर आली. आर्मच्या टोकाशी सुईच नव्हती. जिथं हिरकणी असायला हवी, तिथं पितळेचा बारीक खुंट उरला होता.

"सुई गेली अन् तबकड्या मुक्या झाल्या, बाबू," घरातल्या आजी म्हणाल्या. "तीस वर्षं झाली असतील."

असं घर एकटं नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके एके काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीची भाषा बदलली, तरी घरातलं गाणं मराठीच राहिलं. १९४८पासून नागपूर आकाशवाणी होतीच. हवं तेव्हा हवं ते गाणं ऐकायचं असेल, तर मात्र घरात तबकडी लागे. म्हणून या पेट्यांना मोल आहे. आणि म्हणूनच प्लेअरच्या सगळ्या सुट्या भागांतला सर्वात लहान भाग कसा निवडावा आणि कसा बसवावा, हे नीट समजून घेतलं पाहिजे. गाण्याला शिवणारा तेवढा एकच भाग असतो. तो चुकला, तर गाणं बिघडतंच, पण तबकडीही कायमची खरवडली जाते.

खाचेत काय असतं

एलपीवर वरवर पाहता पुष्कळ गोल रेघा दिसतात. खरं तर प्रत्येक बाजूला एकच खाच असते. ती बाहेरून आत वेटोळी घेत जाते. बावीस मिनिटांची बाजू असेल, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने तिची सव्वासातशेच्या वर वेटोळी होतात. उलगडून सरळ केली, तर ती अर्ध्या किलोमीटरच्या जवळ भरेल. तिची वरची रुंदी साधारण ५५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आडवा छेद घेतला, तर ती इंग्रजी 'व्ही'सारखी दिसते. दोन्ही भिंती पंचेचाळीस अंशांत उतरलेल्या असतात. स्टिरिओ तबकडीत आतल्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो. सुई खाचेच्या तळाला टेकत नाही, तशी टेकताही कामा नये. ती दोन्ही भिंतींवर रेलून चालते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. थाळी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचं वेटोळं मोठं आणि आतलं लहान. त्यामुळे तबकडीच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटच्या गाण्याच्या अखेरीस जेमतेम २१ सेंटिमीटर. सेकंदाला दहा हजार कंपनांचा बारीक आवाज, उदाहरणार्थ झांजेची किणकिण, काठाशी ५१ मायक्रॉन लांबीच्या लाटेत लिहिलेला असतो. आत तोच आवाज २१ मायक्रॉनमध्ये कोंबावा लागतो. ही दाटीवाटीची लिपी वाचायला टोकही तेवढंच बारीक हवं. बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ आणि शेवटचं फाटलेलं, ही तक्रार ज्या घरात तबकड्या आहेत त्या प्रत्येक घरात ऐकू येते. तिचं मूळ इथं आहे.

पळस, कापूस आणि पोलाद

पेटीतल्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या तबकड्यांत लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू असत. लाख म्हणजे पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा राळेसारखा स्राव. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पळस दाखवावा लागत नाही आणि पांढुर्ण्याच्या माणसाला कापूस शिकवावा लागत नाही. आपल्या रानात आणि वावरात दिसणाऱ्या मालातून जगभरचं संगीत पन्नास वर्षं छापलं गेलं, हे मला फार मोठं वाटतं. मराठी भावगीत याच मालावर घरोघर गेलं. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' नागपूरकडच्या जी. एन. जोशींच्या आवाजात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गाजली, ती लाखेच्याच तबकडीवर. हेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले.

त्या तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. चावीच्या फोनोची पोलादी सुई पहिल्या काही वेटोळ्यांतच त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची होई. म्हणजे तबकडीच सुईला घडवत असे. त्यासाठी वरून सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचा दहाएक तोळ्यांचा भार असे. एक बाजू संपली की सुई बोथट होई, म्हणून ती फेकून नवी घालायची. दोनशे सुयांची पत्र्याची डबी घरात असे ती याचसाठी. जाणकार मंडळी बांबूची किंवा निवडुंगाच्या काट्याचीही सुई वापरत. ती मऊ असल्यामुळे तबकडी कमी झिजे.

एलपीने हे नातं उलटं केलं. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बारीक खाचेची, विनाइलची तबकडी काढली. विनाइल मऊ आणि सुई हिऱ्याची. आता सुई चुकीची असेल तर झिजते ती तबकडी. लाखेच्या खाचेची रुंदी सुमारे १५० मायक्रॉन, एलपीच्या जवळजवळ तिप्पट. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली, तर ती खाचेच्या तळाशी पडून कचऱ्यात लोळते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलट ७८ची सुई एलपीवर ठेवली, तर ती खाचेत शिरतच नाही आणि वरचे काठ कुरतडते. आपल्याकडे ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. म्हणून बहुतेक मराठी घरांत दोन्ही जाती एकाच पेटीत असतात. अशा पेटीला दोन सुया लागतात. यात काटकसर करू नये.

हादऱ्यातून वीज

सुई म्हणजे एका काडीच्या टोकाला बसवलेली हिरकणी. काडी बहुधा ॲल्युमिनियमची आणि मागच्या टोकाला रबराच्या बारीक गादीवर रेललेली. खाचेची नागमोड सुईला हलवते, सुई काडीला हलवते आणि काडीच्या हालचालीतून वीज करायचं काम कार्ट्रिज करतं. ते करायच्या रीती मुख्यतः तीन.

पहिली रीत स्फटिकाची. सुटकेससारख्या जुन्या प्लेअरमध्ये ती असे. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते. सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये रोशेल मीठ वापरत. ते दमटपणाने विरघळतं आणि ५५ अंशांच्या आसपास तापलं की बिघडतं. मे महिन्यात सौंसरला पारा पंचेचाळिशीकडे झुकतो आणि पत्र्याखालची बंद खोली त्याहून तापते. मग असं कार्ट्रिज किती उन्हाळे काढणार? पुढे सिरॅमिक आलं, ते टिकाऊ निघालं. पण या जातीला पाच ग्रॅमच्या आसपास भार लागतो आणि आवाजाची बारीक वळणं त्यात हरवतात. आज मिळणारे सुटकेसचे नवे प्लेअरही बहुधा सिरॅमिकवरच चालतात.

दुसरी रीत हलत्या चुंबकाची, बाजारात तिला एमएम म्हणतात. काडीच्या मागच्या टोकाला चिमुकलं चुंबक असतं आणि ते तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतं. भार दीड ते अडीच ग्रॅम. सुई झिजली की तेवढीच ओढून काढायची आणि नवी सरकवायची, कार्ट्रिज तसंच राहतं. घरासाठी हीच जात उत्तम.

तिसरी हलत्या वेटोळ्याची, म्हणजे एमसी. यात चुंबक स्थिर आणि वेटोळी हलतात. नाजूक, महाग आणि सुई बहुधा घरी न बदलता येणारी. जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६०च्या दशकात घडवलेलं डेनॉनचं डीएल-१०३ याच जातीचं आणि ते अजून बनतं. पण पहिल्या खरेदीला मी ते सुचवणार नाही.

चुंबकाच्या कार्ट्रिजमधून येणारी वीज चार-पाच मिलिव्होल्ट एवढीच असते. शिवाय तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटा शेजारच्या वेटोळ्यात घुसल्या असत्या. १९५४पासून या दाबण्या-उचलण्याचं एक ठरलेलं माप आहे, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना ते माप उलटं लावावं लागतं. हे काम फोनो प्रीॲम्प करतो. नवं कार्ट्रिज आणलं, साध्या ॲम्प्लिफायरच्या साध्या भोकात तार खुपसली आणि आवाज चिरका, डासासारखा आला, तर दोष सुईला देऊ नका. मधला प्रीॲम्प राहून गेलेला असतो.

कोणतं टोक घ्यावं

हिरकणीच्या टोकाला वेगवेगळे आकार देतात. गोल टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. ते काटक, स्वस्त आणि बसवताना थोडी चूक झाली तरी सांभाळून घेणारं. पण आतल्या वेटोळ्यांतली २१ मायक्रॉनची लाट त्याला पुरती वाचता येत नाही. लंबगोल टोक समोरून १८ मायक्रॉन आणि कडेला आठच्या आसपास. ते बारीक लाटेत शिरतं, म्हणून शेवटचं गाणंही स्वच्छ येतं. त्याहून बारीक घडणीची टोकं म्हणजे मायक्रोलाइन आणि शिबाता. शिबाता हे नाव जपानी अभियंता नोरिओ शिबाता यांचं. १९७०च्या दशकात चार दिशांनी आवाज देणाऱ्या तबकड्या वाचण्यासाठी त्यांनी हा आकार घडवला. ही टोकं भिंतीला उभ्या पट्ट्यात टेकतात. त्यामुळे भार विभागला जातो आणि सुई जास्त टिकते. मात्र बसवण्यातली चूक ती माफ करत नाहीत.

ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत हे गणित नीट मांडलेलं आहे. कार्ट्रिज एकच, सुया वेगवेगळ्या. त्यांनी सांगितलेलं आयुष्य असं: गोल टोक ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलाइन १,०००. त्याच कार्ट्रिजला ७८च्या तबकड्यांची जाड सुईही मिळते. पांढुर्ण्याच्या पेटीसारखा मिश्र संग्रह असेल, तर हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. एक लंबगोल सुई आणि एक ७८ची. ओर्टोफोनच्या २एम मालिकेतही लाल कार्ट्रिजवर पुढे निळी, चढ्या घडणीची सुई बसते.

तासांचा हिशेब घरगुती भाषेत करून पाहा. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तास. तीनशे तास म्हणजे चारशे एलपी. रोज एक ऐकली, तर सुई वर्षभर पुरते आणि वर महिनाभर. वहीत रेघा ओढत जा. आवाज बिघडल्याची वाट पाहू नका, कारण कानाला कळेपर्यंत झिजलेल्या हिरकणीच्या धारांनी बऱ्याच तबकड्या तासलेल्या असतात.

जुन्या बाजारात चाळीस वर्षांपूर्वीचं सीलबंद कार्ट्रिज मिळालं, तर मोह होतो. हिरा म्हातारा होत नाही, पण काडीमागची रबराची गादी होते. ती कडक झाली की सुई भिंतीच्या नागमोडीबरोबर लवत नाही, ती भिंत घासते. आपल्या उन्हाळ्यात ठेवलेला माल तर आणखी जपून घ्यावा.

आर्म आणि कार्ट्रिज यांची पत्रिकाही जुळावी लागते. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या लवचिकतेच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे ही जोडी स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरते तो आकडा, ८ ते १२च्या दरम्यान हवं. दहा ग्रॅमचा आर्म, सात ग्रॅमचं कार्ट्रिज, एक ग्रॅमचे स्क्रू आणि लवचिकता २० असेल, तर उत्तर येतं साडेआठच्या जवळ. जोडी जमली. उत्तर त्याहून बरंच खाली आलं, तर तबकडीच्या किंचित वाकलेपणानेही आर्म हिंदकळतो. वर गेलं, तर खर्जाच्या स्वरांत थरथर शिरते.

बसवणं

त्या घरचा सुटकेसचा प्लेअर आम्ही आठवण म्हणून ठेवला आणि हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज धरणारा भाग, निघणारा एक वापरलेला टर्नटेबल आणला. आजींच्या घरची भिंत हातभर जाड होती आणि तिच्यात रुंद कोनाडा होता. त्यात कडप्प्याची लादी टाकली, लादीखाली रबराचे चार तुकडे दिले आणि गवंड्याची पाणपातळी ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी पाहिली. टेबलावर ठेवलेला प्लेअर माणूस चालला की उडतो. जाड भिंतीतला कोनाडा हलत नाही.

कार्ट्रिज हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे सुईवर तिचं टोपण घालणं. ओढून निघणारी सुई असेल, तर ती काढूनच ठेवा. मागे चार खुंट्या आणि हेडशेलला चार तारा असतात. पांढरी डाव्या आवाजाची, निळी तिची जोडीदार. तांबडी उजव्या आवाजाची, हिरवी तिची जोडीदार. खुंट्यांवरही तेच रंग असतात. तारेची टोपी बारीक चिमट्याने धरून सरळ सरकवा. बोटांनी पिळू नका, कारण तार टोपीच्या मुळाशीच तुटते. कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, हे जगभर एकच. स्क्रू आधी नुसते अडकवा, आवळू नका.

आता तोल. अँटी-स्केटिंगची कळ (तिच्याविषयी पुढे) शून्यावर ठेवा, टोपण काढा आणि आर्म थाळीच्या बाहेर धरा. मागचं वजन पुढेमागे फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या. तो तरंगला की वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून कागदावर सांगितलेल्या भारावर थांबा.

हा भार किती सूक्ष्म असतो, ते सोनाराच्या मापात चटकन कळतं. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याचे बारा मासे आणि प्रत्येक माशाच्या आठ गुंजा. म्हणजे गुंज ०.१२ ग्रॅमची. सुईचा दोन ग्रॅम भार म्हणजे दोन मासे आणि वर पाव-अर्धी गुंज. आणि कारखान्याने दिलेली मुभा बहुधा दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन गुंजांचीच असते. चकतीवरचे आकडे एवढे खरे नसतात, म्हणून काट्यावर मोजायचं. सराफ वापरतात तसा खिशातला डिजिटल काटा चालतो. आमचा काटा खरा आहे का, हे पाहायला आजींनी गल्ल्यातून १९८८नंतरचं स्टीलचं दहा पैशांचं नाणं काढून दिलं. त्याचं टाकसाळीतलं वजन बरोबर दोन ग्रॅम. काट्यावर २.० आलं आणि मन निश्चिंत झालं. मात्र ते नाणं लगेच दूर ठेवलं. ते स्टील चुंबकाला चिकटतं आणि कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं. नाण्याने उडी घेतली असती, तर सुईची काडी मोडली असती. काट्याचं ताटही तबकडीच्या उंचीला हवं. ताट उंच असलं तर वजन चुकीचं दिसतं.

हाताला जेमतेम जाणवणारं हे वजन हिरकणीच्या दोन सूक्ष्म ठिपक्यांवर पेललं जातं. त्या जागी दर चौरस सेंटिमीटरला हजारो किलोंचा दाब पडतो. भार वाढवला तर खाच झिजते, हे उघड आहे. पण भीतीने भार कमी केला, तर सुई भिंतीवरून उडते आणि परत पडताना घाव घालते. हलकी सुई तबकडी वाचवते, हा समज घरोघर आहे. तो खोटा आहे. मुभेच्या मध्यावर किंवा किंचित वर राहावं.

यानंतर सर्वात चिकाटीचं काम, सुईची दिशा. तबकडी कोरणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकत होतं. आपला आर्म मात्र एका खुंटावर फिरतो, म्हणजे कमानीत चालतो. त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत समांतर दोनच ठिकाणी राहू शकते. त्या जागा गणिताने काढलेल्या आहेत. सर्वाधिक वापरली जाणारी जोडी म्हणजे मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटर. या दोन जागा आणि तिथल्या रेघा छापलेला मापाचा कागद थाळीच्या खुंटीत घालायचा, सुई एकेका ठिपक्यावर टेकवायची आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये पुढेमागे सरकवत, किंचित वळवत, दोन्ही जागी रेघांशी समांतर आणायचं. एक जमलं की दुसरं बिघडतं. पुन्हा पहिलं. चार-पाच फेऱ्यांनी दोन्ही जमतात. मग स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळायचे आणि भार पुन्हा मोजायचा, कारण कार्ट्रिज सरकलं की तोलही सरकतो.

इथं दोन गोष्टी स्वतः ठेच खाऊन शिकलेल्या सांगतो. कार्ट्रिजची पेटी रेघेशी जुळवू नका, काडी जुळवा. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं की काडी स्पष्ट दिसते आणि ती पेटीच्या मध्यातून थोडी तिरपी निघालेली असू शकते. दुसरं म्हणजे कागद. मी पहिल्यांदा मापाचा कागद एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. यंत्राने पान बसवण्यासाठी चित्र थोडं लहान केलं आणि ६६ मिलिमीटरची जागा ६३वर आली. दोन तास मी चुकीच्या ठिपक्यावर घाम गाळला. कागद हाती आला की आधी पोलादी पट्टीने मध्यापासूनचं अंतर मोजा.

समोर बसून पाहा. सुई तबकडीवर सरळ उभी दिसली पाहिजे, डाव्या-उजव्या अंगाला कललेली नको. तबकडीच्या चकाकीत तिचं प्रतिबिंब दिसतं. सुई आणि प्रतिबिंब मिळून एकच सरळ रेघ झाली की झालं. मग बाजूने पाहा. आर्म तबकडीला समांतर हवा. मागे उंच असेल, तर आवाज कोरडा आणि टोचरा होतो. मागे बसका असेल, तर जड होतो.

राहिलं अँटी-स्केटिंग. आर्मला मुळात बाक दिलेला असतो, त्यामुळे फिरती तबकडी त्याला सतत मध्याकडे ओढते. मग डाव्या आवाजाच्या आतल्या भिंतीवर भार वाढतो आणि उजव्या आवाजाच्या बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. आर्मला उलट्या दिशेने हलकेच खेचणारी कळ म्हणजे अँटी-स्केटिंग. सुईच्या भाराएवढा आकडा लावून सुरुवात करा. जोरदार तानेत उजवीकडचा आवाज आधी फाटत असेल तर थोडं वाढवा, डावीकडचा फाटत असेल तर कमी करा.

कानाने तपासणं

सगळी मापं झाली की परीक्षा कानाची. त्यासाठी बाजूचं पहिलं गाणं घेऊ नका, शेवटचं घ्या. आणि बाईमाणसाचा उंच आवाज असलेलं मराठी गाणं घ्या. मराठीत 'स', 'श', 'च', 'झ' पावलोपावली येतात, त्यांची शीळ बारीक लाटांत कोरलेली असते. 'सखी' म्हटल्यावर 'स' आला की 'स्स्श' असा फुटला, हे मराठी कान लगेच ओळखतो. फुटत असेल, तर आधी सुईवरची धूळ पाहा, मग भार, मग दिशा. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि तेच गाणं पुन्हा लावा.

७८साठी सुई बदला, भार नव्या सुईच्या कागदाप्रमाणे लावा, वेग बदला आणि ॲम्प्लिफायरवर मोनोचा खटका असेल तर तो दाबा. या तबकड्यांत भिंतीची वर-खाली होणारी हालचाल म्हणजे फक्त खरखर. मोनोमध्ये तिच्यातली बरीच वजा होते. बालगंधर्वांचा आवाज त्या खरखरीतून मोकळा होऊन समोर आला, तेव्हा आजींनी हातातलं दळण बाजूला ठेवलं.

निगा सोपी आहे. पांढुर्ण्याला कापसाच्या हंगामात तंतू हवेतच असतात आणि ते सुईभोवती गुंडाळले जातात. दर बाजूआधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे झाडा, कधीही आडवी नाही. कार्बनच्या केसांच्या ब्रशने तबकडीवरची धूळ उचला. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवा, पत्र्याखालच्या माडीतून खाली आणा आणि उन्हात ठेवलेल्या मोटारीत एक तासही विसरू नका.

अंतराळातली सुई

१९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हॉयेजर ही दोन याने निघाली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. तीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. याने निघाली त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ज्यांनी ती तबकडी पाठवली, त्यांना सुईवाचून तबकडी मुकी असते हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई दिली. वेष्टणावर चित्र कोरून सुई सुरुवातीला कुठं ठेवायची ते दाखवलं आणि एका फेरीला किती वेळ लागावा तेही लिहिलं. तो वेळ ३.६ सेकंद. लाखो वर्षांनी कुणाच्या हाती लागलीच, तर तबकडीशेजारी तिची सुई असेल.

आपल्या घरांत मात्र तबकड्या फडक्यात बांधून जपल्या गेल्या आणि सुया हरवल्या.

पांढुर्ण्याहून निघताना मी आजींच्या पेटीत, तबकड्यांच्या शेजारी, एक लंबगोल आणि एक ७८ची अशा दोन जादा सुया ठेवल्या. डबीवर विकत घेतल्याची तारीख लिहिली. आत घडी घालून मापाचा कागद ठेवला, पट्टीने तपासलेला. दहा पैशांचं नाणं आजींनी वेगळ्या पुडीत बांधलं आणि ते खसऱ्याच्या कागदांमध्ये, डबीपासून लांब ठेवलं.